यंत्राची भाषा कोणाच्या मालकीची?

स्मार्ट मीटरवरून गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे भरपूर वाद झाले. नाशकात झाले, महाराष्ट्रभर झाले. बिल वाढतं का, मीटर जोरात पळतो का, प्रीपेड करणार का, न विचारता का बसवला, हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न मी एकाही मोर्च्यात, एकाही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकला नाही. हा मीटर कोणती भाषा बोलतो? आणि उद्या ही कंपनी गेली, दुसरी आली, तर त्या दुसरीला ती भाषा कळणार का?

प्रश्न तांत्रिक वाटेल, पण तो शेवटी खिशाशी येऊन थांबतो. मी बरीच वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करतोय. यंत्राला यंत्राशी बोलायला लावणं हेच माझं पोट भरायचं साधन. त्यामुळे या विषयाचा इतिहास एकदा सविस्तर लिहायचा होता. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

घरातला नळ गळायला लागला तर आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अर्धा इंची नळ आणतो. कुठल्याही कंपनीचा चालतो, कारण पाइपचे आटे सगळ्यांचे सारखे असतात. आता समजा प्रत्येक कंपनीने आटे वेगळे ठेवले असते, तर? नळ दोनशेचा असो की दोन हजारांचा, तो त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यावा लागला असता. ती कंपनी बंद पडली तर भिंत फोडून सगळी पाइपलाइन बदलावी लागली असती.

इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचे आटे म्हणजे त्यांची बोलण्याची पद्धत. त्याला प्रोटोकॉल म्हणतात. आधी कोणी बोलायचं, किती वेळ थांबायचं, कोणत्या आकड्याचा अर्थ काय, चुकीचं ऐकू आलं तर काय करायचं, असे ते नियम असतात. ते नियम छापून सगळ्यांना उपलब्ध असतील, कुणालाही त्याप्रमाणे वस्तू बनवता येत असेल आणि कुणा एका कंपनीला ते मनाला येईल तसे बदलता येत नसतील, तर त्याला खुलं मानक म्हणायचं. तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी नसली तरी कधी ना कधी आपला हात दगडाखाली येतो.

हे भांडण इंटरनेटपेक्षा खूप जुनं आहे. सुरुवात तारेपासून करू.

१८५०-६०च्या सुमारास युरोपात तारा सगळीकडे पसरल्या होत्या, पण प्रत्येक देशाची यंत्रणा वेगळी, दर वेगळे, नियम वेगळे. सरहद्दीवर तार थांबायची. इकडचा माणूस ती कागदावर लिहून तिकडच्याच्या हातात द्यायचा, आणि तो ती पुन्हा आपल्या यंत्रावरून पुढे पाठवायचा. विजेच्या वेगाने आलेला निरोप शेवटी माणसाच्या पावलांनी सरहद्द ओलांडायचा. त्याला कंटाळून १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन केला. भारत, म्हणजे तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थान, १८६९ साली त्यात आला. आज मोबाइलच्या लहरींपासून उपग्रहांपर्यंतचे नियम ठरवणारी आयटीयू ही संस्था म्हणजे तोच संघ.

पुढचा किस्सा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्कोनीचं नाव आपण शाळेत शिकलो. त्याच्या कंपनीचा धंदा कसा चालायचा हे मात्र पुस्तकात नव्हतं. मार्कोनी कंपनी जहाजांना बिनतारी यंत्र विकत नसे, भाड्याने देई. यंत्राबरोबर ऑपरेटरही कंपनीचाच. आणि नियम असा, की दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलेल्या जहाजाशी बोलायचं नाही. लहरी त्याच, हवा तीच, संदेश पोचतोय, ऐकू येतोय, तरी उत्तर द्यायचं नाही. म्हणजे ज्याला बोलायचंय त्याने मार्कोनीचंच यंत्र घ्यावं.

१९०२ साली जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हेन्री अमेरिकेहून ‘डॉइचलँड’ नावाच्या जहाजातून परत निघाला. जहाजावर जर्मन बनावटीचं यंत्र होतं. त्याने पाठवलेले संदेश मार्कोनीच्या केंद्रांनी घेतलेच नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हटल्यावर प्रकरण पेटलं. जर्मनीने १९०३ साली बर्लिनमध्ये परिषद बोलावली, आणि १९०६ साली तिथेच करार झाला. किनाऱ्यावरच्या केंद्रांनी आणि जहाजांनी, समोरच्याचं यंत्र कोणत्या पद्धतीचं आहे हे न बघता, एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत असं त्यात ठरलं. संकटाची खूण म्हणून एसओएसही याच करारात आलं.

पण जहाजाने दुसऱ्या जहाजाशी बोललंच पाहिजे ही सक्ती तेव्हा सगळ्यांनी मान्य केली नाही. ज्यांचा फायदा होता त्यांनी ती लांबवली. एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिक बुडालं. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत ती सक्तीही झाली. नंतर अक्कल सुचते ती अशी, दीड हजार माणसं गेल्यावर.

या किश्श्यात पुढच्या शंभर वर्षांचं सगळं आहे. वस्तू विकायची नाही, भाड्याने द्यायची. चालवणारा माणूस आपलाच ठेवायचा. दुसऱ्याशी बोलू द्यायचं नाही. आणि हे मोडायला मार्कोनीचा चांगुलपणा उपयोगी पडला नाही, नियम करावा लागला. आज ‘सबस्क्रिप्शन’, ‘क्लाउड’, ‘आमचंच अ‍ॅप’ अशी नावं बदलली आहेत. पळसाला पानं तीनच.

आता इंटरनेटकडे येऊ. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सगळ्या संगणकांनी जुनी पद्धत सोडून टीसीपी-आयपी ही पद्धत घेतली. तिचे नियम छापील होते, फुकट मिळत होते, आणि कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. आज आपल्या खिशातला फोन तीच पद्धत बोलतो. त्या काळात मोठमोठ्या संगणक कंपन्यांची आपापली बंद जाळी होती. त्यातली बहुतेक आज संग्रहालयात आहेत.

इंटरनेटवरून चालणाऱ्या पहिल्या घरगुती वस्तूंपैकी एक कोणती, माहीत आहे? पाव भाजायचा टोस्टर. १९९० साली अमेरिकेतल्या इंटरॉप नावाच्या प्रदर्शनात जॉन रॉमकी या इंजिनिअरने तो मांडला होता. संगणकावरून चालू-बंद करायचा, आणि किती वेळ चालू ठेवला त्यावर पाव किती लाल होणार ते ठरायचं. पाव मात्र हाताने आत ठेवायला लागायचा. पुढच्या वर्षी त्यासाठीही एक छोटी क्रेन बसवली. लोक हसले असतील. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट भावते. त्या टोस्टरसाठी रॉमकीने नवीन गुप्त भाषा काढली नाही. जाळ्यावरची यंत्रं तपासायला एसएनएमपी नावाचं खुलं मानक होतं, तेच टोस्टरला शिकवलं. म्हणजे इंटरनेटच्या वस्तूंची सुरुवात खुल्या भाषेनेच झाली होती. बंद दारं नंतर बसवली गेली.

कारखान्यांत ही लढाई आधीच सुरू होती. १९७९ साली मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने आपल्या कंट्रोलरसाठी मॉडबस नावाचा प्रोटोकॉल काढला आणि त्याचे नियम उघड केले. अगदी साधी पद्धत. एक जण विचारणार, बाकीचे उत्तर देणार. ‘पाच नंबर, तुझ्या चाळीस हजार एक नंबरच्या खान्यात काय आहे?’ पाच नंबरचं यंत्र सांगणार, ‘दोनशे तीस.’ झालं संभाषण. इतकं साधं असल्यामुळे ज्याला त्याला ते बनवता आलं. २००४ साली त्याचा कारभार एका स्वतंत्र संघटनेकडे गेला. आज अंबडमध्ये कुठलंही पॅनल उघडा. एनर्जी मीटर एका कंपनीचा, ड्राइव्ह दुसरीची, तापमानाचा कंट्रोलर भोसरीच्या एखाद्या छोट्या कारखान्यात बनलेला, आणि तिघं दोन तारांवर मॉडबसमध्ये गप्पा मारत असतात. चाळीसहून जास्त वर्षं झाली. तो छोटा कारखानदार बाजारात टिकला तो या खुल्या भाषेमुळे. भाषा बंद असती तर त्याचा माल कितीही चांगला असो, कुठे जोडताच आला नसता.

सगळीकडे असं सरळ झालं नाही. कारखान्यांतल्या उपकरणांसाठी जगात एकच मानक असावं म्हणून १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय समिती बसली. बैठकांवर बैठका झाल्या. प्रत्येक मोठी कंपनी आपलंच घोडं पुढे दामटत होती. पंधराएक वर्षांनी, १९९९च्या शेवटी, तडजोड झाली ती अशी, की एकाच मानकात आठ वेगवेगळ्या पद्धती घालून टाकल्या. एकीचं यंत्र दुसरीशी बोलेलच असं नाही, पण आठही जणांना ‘आम्ही आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे’ असं म्हणायची सोय झाली. आमच्या धंद्यात याला फील्डबसचं युद्ध म्हणतात. म्हणून विक्रेता ‘सगळं स्टँडर्ड आहे साहेब’ म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा असतो: कोणतं? आणि त्यावर दुसऱ्या कंपनीचं यंत्र चालवून दाखवता का?

इमारतींची गोष्ट याच्या उलट आहे, आणि जास्त शिकण्यासारखी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अनेक इमारती. एसी आणि हीटिंगची नियंत्रणं वेगवेगळ्या कंपन्यांची, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. एकदा एका कंपनीचं बसवलं की वाढवताना, दुरुस्त करताना तिच्याच दारात. अडला हरी गाढवाचे पाय धरी अशी गत. तिथले मायकेल न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ साली एअर कंडिशनिंगच्या इंजिनिअरांच्या संघटनेने समिती नेमली. आठ वर्षं खपून १९९५ साली बॅकनेट नावाचं मानक छापलं. २००३ साली ते आयएसओचं झालं. आज मोठी हॉस्पिटलं, विमानतळ, आयटी पार्क यांच्या टेंडरमध्ये बॅकनेट हा शब्द सर्रास असतो. इथे पुढाकार घेणारे लोक ग्राहकाच्या बाजूचे होते. शेकडो खोल्यांचं बिल ज्यांना भरायचं होतं ते. मोठ्या ग्राहकाने ‘या भाषेत बोलत असाल तरच माल घेतो’ म्हटलं की कंपन्यांना ती भाषा शिकावीच लागते. नाक दाबलं की तोंड उघडतं.

तिसरा मार्ग म्हणजे बनवणाऱ्यानेच मोकळं करणं. १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांना तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायची होती. ओसाड मुलखात तारा नाहीत, सगळं उपग्रहावरून, आणि तिथे एकेका अक्षराचे पैसे. म्हणून त्यांनी फार कमी बोलणारी एक पद्धत काढली. निरोपाचं डोकं म्हणजे हेडर, ते दोन बाइटचंसुद्धा चालतं. तिचं नाव एमक्यूटीटी. वर्तमानपत्राच्या एजन्सीसारखं तिचं काम. यंत्र आपला निरोप मधल्या एका ठिकाणी टाकतं, आणि ज्याला तो विषय हवा असेल त्याला तिथून मिळतो. २०१०मध्ये ती कुणालाही विनामूल्य वापरायला खुली झाली आणि २०१४मध्ये रीतसर मानक ठरली. आज शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरपासून ट्रकवरच्या ट्रॅकरपर्यंत असंख्य वस्तू तीच बोलतात. कॉलेजातली मुलं दोन-चारशे रुपयांच्या बोर्डावर ती एका दुपारी शिकतात. खुल्या भाषेचा हाही एक फायदा. गरीब घरातल्या मुलालाही ती शिकता येते.

मग घरातल्या वस्तूंचं काय झालं? तिथे मात्र मार्कोनी परत आला.

अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचं तीनशे डॉलरचं एक यंत्र होतं. घरातले दिवे, कुलपं, स्पीकर सगळे एका जागेवरून चालवायचं. २०१४मध्ये गुगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली. १५ मे २०१६ रोजी सर्व्हर बंद केला आणि यंत्र निकामी झालं. बिघडलं नव्हतं, जळलं नव्हतं. लांब कुठेतरी कोणीतरी बटण बंद केलं. एप्रिल २०२२मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर तर काही न सांगता बंद पडले. ज्यांनी घरातल्याच संगणकावरून ती उपकरणं चालवायची सोय करून ठेवली होती, त्यांचे दिवे चालू राहिले. नंतर काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन पुन्हा उभी केली.

हे अमेरिकेतलं झालं म्हणून सोडून देऊ नका. गंगापूर रोडच्या एका सोसायटीने पाण्याच्या टाकीसाठी मोबाइलवर चालणारा पंप कंट्रोलर बसवला. टाकी भरली की मोटर बंद, मोबाइलवर मेसेज. दोन वर्षं झकास चाललं. मग एके दिवशी अ‍ॅप उघडेना. कंपनीचा फोन लागेना. सेक्रेटरी मला म्हणाले, ‘भाऊ, मोटर चांगली, सेन्सर चांगला, मग अडलंय काय? दुसऱ्या कंपनीचा डबा लावून द्या ना.’ मी खोलून बघितलं. सेन्सर आणि डबा एकमेकांशी काय बोलतात ते त्या कंपनीशिवाय कुणालाच कळणार नव्हतं, आणि डबा सर्व्हरला विचारल्याशिवाय मोटरही सुरू करत नव्हता. शेवटी सगळं काढून साधा फ्लोट स्विच आणि जुना स्टार्टर बसवला. चांगल्या स्थितीतला हजारो रुपयांचा माल भंगारात गेला. त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त हाल झाले वॉचमनकाकांचे. रात्री दोनदा उठून टाकी बघायला लागायची.

अशा तक्रारी जगभर वाढल्यावर डिसेंबर २०१९मध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गुगल आणि झिगबी अलायन्स यांनी एकत्र येऊन घरगुती उपकरणांसाठी समाईक मानक करायचं जाहीर केलं. ऑक्टोबर २०२२मध्ये ते ‘मॅटर’ नावाने बाहेर आलं. एकमेकांचे कट्टर स्पर्धक का एकत्र आले? वस्तू एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून गिऱ्हाईक घ्यायलाच कचरत होतं. मॅटरची चांगली गोष्ट म्हणजे वस्तू घरातल्या घरात, वायफायवर, बाहेरच्या सर्व्हरला न विचारता बोलू शकतात. पण त्याची खूण खोक्यावर छापायची तर सभासदत्व आणि तपासणी लागते, त्याचा खर्च असतो. छोट्या कारखानदाराला तो जड जातो. म्हणजे दार उघडलंय, पण उंबरठा उंच आहे.

आता आपल्या मीटरकडे. इथे भारताचा इतिहास वाटतो त्यापेक्षा बरा आहे, आणि तो सांगायलाच हवा. इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा प्रत्येक कंपनीच्या मीटरची भाषा वेगळी होती. रीडिंग उतरवून घ्यायला कंपनीगणिक वेगळं सॉफ्टवेअर. वीज मंडळाने दहा कंपन्यांचे मीटर घेतले की दहा दुभाषे सांभाळायचे. युरोपात याच दुखण्यावर डीएलएमएस नावाचं मानक तयार झालं होतं, त्याची संघटना १९९७ची. भारताने ते घेतलं, आपल्या गरजेप्रमाणे त्यातलं काय काय लागेल ते ठरवलं, आणि २०११मध्ये आयएस १५९५९ हे भारतीय मानक आलं. २०१५मध्ये स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ आलं. त्यामुळे आज मीटर कुठल्याही कंपनीचा असो, एकूण किती युनिट वापरले हा आकडा १.०.१.८.०.२५५ याच पत्त्यावर सापडतो. नाशिकच्या मीटरमध्ये तोच, गुवाहाटीच्या मीटरमध्ये तोच. सरकारी मानक संस्थेचं हे काम चांगलं आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं.

मग अडचण कुठे? २०२१मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारणेची आरडीएसएस योजना मंजूर केली. त्यात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचं उद्दिष्ट. योजनेत मीटर लावणं, त्याचं दळणवळण आणि पुढची देखभाल हे सगळं एकाच एजन्सीकडे, अनेक वर्षांसाठी. आपल्याकडे विरोध झाल्यावर जून २०२४मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर झालं, आणि नंतर पोस्टपेड बिलाचे स्मार्ट मीटर बसू लागले. प्रीपेड की पोस्टपेड यावर आपण खूप बोललो. पण मीटर आणि वीज कंपनी यांच्यामध्ये अजून दोन पायऱ्या आहेत. एक, मीटरचा निरोप वाहून नेणारं जाळं. ते मोबाइलच्या सिमवर असेल तर ठीक, पण मीटर ते मीटर असं रेडिओचं जाळं असेल तर ते त्या कंपनीचं स्वतःचं, बंद असू शकतं. दोन, निरोपाच्या कुलपाच्या किल्ल्या. डीएलएमएस खुलं असलं तरी निरोप कुलपात येतो, आणि यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की करार संपल्यावर किल्ल्या कुणाकडे राहणार?

भाषा खुली, पण वाट बंद आणि किल्ली दुसऱ्याकडे, असं झालं तर दहा वर्षांनी नव्या एजन्सीचं टेंडर निघेल आणि स्पर्धा नावालाच राहील. जुन्या एजन्सीशिवाय कुणालाच ते मीटर वाचता येणार नाहीत. मग ती सांगेल तो भाव. तो भाव शेवटी तुमच्या-माझ्या बिलातल्या वहन आकारात किंवा स्थिर आकारात कुठेतरी येऊन बसेल.

हेच विजेवरच्या गाड्यांच्या चार्जरचं. नेदरलँड्समध्ये २००९ साली वीज जाळं चालवणाऱ्या कंपन्यांच्या एका संस्थेने चार्जर आणि त्याच्यामागचा संगणक यांच्यासाठी ओसीपीपी हा खुला प्रोटोकॉल सुरू केला. एका कंपनीचा चार्जर, दुसरीचं सॉफ्टवेअर, असं जमायला लागलं. चार्जर बसवणाऱ्या प्रत्येक सोसायटीने हे नाव लक्षात ठेवावं. प्लग बसतो म्हणजे सगळं जमलं असं नसतं. प्लगच्या मागचं बोलणंही जमावं लागतं.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘भाषा सगळ्यांना माहीत झाली तर चोर घुसतील.’ मॉडबसमध्ये पासवर्ड वगैरे काही नाही हे खरं. तो बंद खोलीतल्या दोन तारांसाठी जन्मला, तो थेट इंटरनेटवर उघडा टाकला तर धोकाच. पण सुरक्षितता गुपितातून येत नाही. आज बँकांपासून मीटरपर्यंत वापरली जाणारी एईएस ही कुलपाची पद्धत अमेरिकेने खुली स्पर्धा घेऊन निवडली आणि २००१मध्ये संपूर्ण छापली. जगातल्या हजारो गणितज्ञांनी ती फोडायचा प्रयत्न केला, म्हणून तर तिच्यावर भरवसा. कुलूप कसं चालतं हे सगळ्यांना माहीत, किल्ली ज्याची त्याच्याकडे. २०१६मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते खुल्या मानकामुळे नाही. कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, म्हणून.

दुसरा आक्षेप, ‘खुलं मानक आहे म्हणजे मीटर बरोबरच दाखवेल असं थोडंच?’ अगदी खरं. मानकामुळे मीटर अचूक होत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी असते. प्रीपेडचा प्रश्नही त्याने सुटत नाही. खुलं मानक एवढंच करतं, की आपल्याला दुसऱ्याकडे जाता येतं. लोकशाहीत मताचं जे काम, ते इथे बदलता येण्याचं.

१९०६चा करार, बॅकनेट, एमक्यूटीटी, आपले मीटर, सगळं एकत्र बघितलं तर भाषा तीनच प्रकारे खुली झालेली दिसते. कायद्याने, मोठ्या ग्राहकाच्या हट्टाने, किंवा बनवणाऱ्याच्या शहाणपणाने. तिसऱ्याची वाट बघत बसता येत नाही. पहिले दोन आपल्या हातात आहेत. महापालिका, जिल्हा परिषद, वीज कंपनी, मोठी सोसायटी हे सगळे मोठे ग्राहकच आहेत. रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे मीटर, सीसीटीव्ही, बसमधले ट्रॅकर, सौर पंपावरचे मॉनिटरिंगचे डबे, हे सगळं आपल्या पैशाने येतंय. अट टेंडर निघायच्या आधी घालायची असते. नंतर म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

म्हणून नगरसेवकाला, सोसायटीच्या कमिटीला, आणि जमलं तर माहितीच्या अधिकारात हे पाच प्रश्न विचारा:

१. हे उपकरण कोणत्या छापील मानकाप्रमाणे बोलतं? नाव आणि क्रमांक लेखी द्या.
२. दुसऱ्या कंपनीचं उपकरण याच जागी बसवून चालवून दाखवलं आहे का?
३. इंटरनेट गेलं किंवा कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर उपकरण निदान मूळ काम करत राहील का?
४. गोळा झालेली माहिती कुणाची, आणि ती आपल्याला साध्या फाइलमध्ये मिळेल का?
५. करार संपल्यावर किल्ल्या, पासवर्ड आणि जाळ्याचा ताबा किती दिवसांत, कुणाकडे येणार?

पाचव्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर सही करू नका. बाकी चर्चा नंतर.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची असेल तर खुशाल टाका, माझं नाव नसलं तरी चालेल. आणि टेंडरच्या कागदातली अट कळत नसेल तर मला दाखवा. जमेल तेवढं सांगीन.